वरची ओळ

९ जानेवारी २०२५, गुरुवार

चालली! पाटी चालली.

पाटी म्हणजे काय, तर एक जुना कीबोर्ड. त्याच्या एकेका बटणावर मी ठळक मराठी अक्षरं कापून चिकटवलीत. मागे क्लासमधून भंगारात निघालेला लॅपटॉप, आणि अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आपला घरचा टीव्ही. बाबांच्या मांडीवर उशी, उशीवर पाटी. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली, पण डाव्या हाताचं बोट चालतं. त्या एका बोटासाठी डिसेंबरभर प्रोग्राम लिहीत होते. सी भाषेतच लिहिला. वीस वर्षं पोरांना तेच शिकवतेय, दुसरं येतं काय मला?

आज बाबांनी पहिलं बटण दाबलं. टीव्हीवर 'म' उमटला. ते टीव्हीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. जमुनाबाई, दिवसा त्यांच्याजवळ असतात त्या, म्हणाल्या, "बाबाजीचे डोये चमकले पाहा." मलाही वाटलं तसं.

धाकट्या भावाला, मनोजला, फोन केला. अकोल्याहून त्याचं तेच. "ताई, बाबा तुले वळखत नाहीत. तू कावून समजून नाही राहिली? तू दिवसभर क्लासवर, ते परक्या बाईच्या भरवशावर. इकडं शकुन घरी असते." वाईट नाही तो. त्याची बायको शकुन तर मुळीच नाही. पण मला बाबा इथं हवेत. लिहून टाकते, इथं कोण वाचतंय! आई गेल्यापासून माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं, ते त्या खुर्चीत बसलंय.

शेवटी ठरलं. सव्वीस जानेवारीला मनोज येणार. त्याच्यासमोर बाबांनी मी कोण ते पाटीवर सांगितलं तर ते अमरावतीलाच राहतील. नाही सांगितलं तर अकोला. मी हो म्हणाले, तेही तोऱ्यात.

१२ जानेवारी, रविवार

पाटीवर नुसता कचरा. बोट थरथरतं, शेजारचं बटण दाबलं जातं. स्वल्पविराम, कंस, टिंब, बरोबरची चिन्हं. टीव्ही भरून जातो आणि बाबा तोंड फिरवतात.

मग आज चाळणी बसवली. सी मध्ये सोय आहे — चिन्ह हातात द्यायचं आणि विचारायचं, बाई, तू अक्षर आहेस का? तू आकडा आहेस का? हो म्हणाली तर आत घ्यायचं, नाही म्हणाली तर गिळून टाकायचं. अक्षरासाठी iswalpha, आकड्यासाठी iswdigit. मराठीसारख्या लिप्यांसाठीच केलेली फंक्शनं आहेत ती. बाबांचं नाव टाकून पाहिलं, नत्थुजी. टीव्हीवर आलं 'नतथुजी'. हलन्तच गायब! iswalpha च्या लेखी हलन्त अक्षर नाही. मी काही कच्ची नाही. अक्षरांची हद्द स्वतः आखून दिली, कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते — मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे आत. तयार फंक्शन काढून टाकलं.

आकड्यांचं काम मात्र तयार फंक्शनवरच ठेवलं. आकड्यात काय घोळ होणार? आकडा तो आकडा.

आकडे हवेतच बाबांना. शेंदूरजनाघाटला जन्म संत्र्याच्या व्यापारात गेला. झाडावरचा माल बघून बगीचा घ्यायचे. दिल्ली, कलकत्ता, सगळ्या पार्ट्यांचे नंबर तोंडपाठ. फोनमध्ये एक नाव साठवलेलं नाही. मी म्हटलं होतं साठवून देते, तर म्हणे, "फोन हरपला तं धंदा बी हरपू द्यू काय?" म्हणून वरच्या ओळीवर 1 2 3 इंग्रजी होते ते झाकून मुद्दाम मराठी चिकटवले, आणि बटण दाबलं की मराठी आकडाच निघेल असं केलं. बाबांना सगळं आपलं वाटावं म्हणून.

आता टीव्ही कसा स्वच्छ!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ कुस्करून भरवला. मग समोर बसले आणि विचारलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट उचललं, दाबलं, पुन्हा दाबलं, बराच वेळ दाबत होते. टीव्ही कोरा. मग हात उशीवर ठेवून माझ्याकडे बघत बसले, काम झाल्यासारखे.

रागिणीचा 'रा' तरी. निदान 'र'. तेवढाही नाही.

१७ जानेवारी

रोज विचारते. रोज कोरं.

पाणी हवं का विचारलं की 'प' येतो. आज 'पणि' आलं. चहाला 'च'. म्हणजे पाटी ठीक आहे. मी काय विचारते तेही कळतं. फक्त मी कोण, ते नाही.

पाण्याचा मत्सर वाटतो असं कोणाला सांगितलं तर हसतील.

१९ जानेवारी, रविवार

जमुनाबाईंनी आज सांगितलं, "मॅडम, तुमी पुसलं का बाबाजी वरच्याच रांगेवर बोट मारते. खालती येतच नाही." मी लक्ष ठेवलं. खरंच की. 'मी कोण' म्हटलं की बोट थेट वरच्या ओळीवर, आकड्यांच्या. तिथं ठकठक, ठकठक. आणि टीव्हीवर काही नाही. म्हणजे बोट नीट लागतच नसणार, बटणांच्या फटीत कुठेतरी, असं मी धरलं. इतका मोठा टीव्ही समोर आहे आणि त्यांना कळत नाही की काही उमटत नाहीये!

चिडले. आज चिडलेच. मनगट धरून हात खाली आणला, "इथं बाबा, अक्षरं इथं, 'र' इथं आहे." त्यांनी हात सोडवून घेतला आणि परत वर नेला. मी परत खाली. तिसऱ्यांदा माझाच आवाज इतका चढला की जमुनाबाई पोळी टाकून बाहेर आल्या.

बाबांच्या डोळ्यात पाणी होतं. हल्ली ते कशानंही येतं, डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

२२ जानेवारी, बुधवार

वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. रागिणी, धीर धर, म्हणाल्या. अशा झटक्यात नावं आधी जातात. बायकोचं, मुलांचं, स्वतःचंसुद्धा. हाताला, जिभेला वर्षानुवर्षं जी सवय पडली ती मात्र टिकते. एक आजोबा म्हणे बोलत नाहीत, पण पत्ते हातात दिले की पिसतात.

मी विचारलं, मग मुलगी ही सवय नाही का? त्यांनी पुढची तारीख लिहून दिली. खरं तर उगाच विचारलं.

२३ जानेवारी

वरच्या ओळीवर खोक्यांना लावतात ती खाकी टेप मारली. दुहेरी. आता तरी बोट खाली येईल. तीन दिवस राहिलेत.

२४ जानेवारी

टेपवरूनच दाबतात.

२६ जानेवारी, रविवार

मनोज आणि शकुन दुपारी आले. मनोजनं बाबांच्या पाया पडून शेजारी खुर्ची ओढली. शकुननं डब्यातून मुगाचा शिरा आणला होता, तो भरवला. बाबांनी सगळा खाल्ला. माझ्या हातचा अर्धा टाकतात.

मग मी पाटी ठेवली. "बाबा, मी कोण?"

बोट वर. टेपवर. एक, दोन, तीन... एकसारखं, न थांबता. मग थांबून माझ्याकडे पाहिलं. मनोजनं टीव्हीकडे पाहिलं. मी तर बघितलंच नाही, मला माहीत होतं.

मी परत विचारलं. बाबांनी परत तसंच केलं, या वेळी जोरात. टेपची कड उचकटून त्यांच्या नखात अडकली. मी परत विचारणार तर मनोजनं माझा हात धरला. "बस झालं ताई. कायले त्रास देऊन राहिली त्याईले? अन् सोताले बी."

शकुन स्वयंपाकघरात निघून गेली. मी मनोजला म्हटलं, ने. त्यानं रविवारपर्यंत वेळ दिला, कपडे-औषधं बांधायला. एवढं समजुतीनं बोलत होता की भांडायलाही जागा नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नेलं.

गाडीत बसवताना बाबा माझी ओढणी सोडत नव्हते. शकुन म्हणाली, "बोटं आखडली असतीन." एकेक करून मीच सोडवली.

पाटीही दिली बरोबर, लॅपटॉपसकट. मनोज म्हणाला कशाला, मी म्हटलं असू दे, पाणी तरी मागतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी आले की आधी खुर्चीकडे बघते. जमुनाबाईंना दुसरीकडे काम लागलं, बरं झालं त्यांचं.

आज ताट वाढून घेतलं आणि फोनकडे बघत बसले. झटका यायच्या आधी शेंदूरजनाघाटहून बाबांचा रोज फोन यायचा. जेवणाची वेळ झाली की हमखास. दुसरं काही बोलणं नाही, "जेवली काय वं?" एवढंच. मी हो म्हटलं की "हां, ठेवतो." एकटी राहणारी पोरगी उपाशी झोपते अशी त्यांची पक्की समजूत. कधी क्लास लांबला असला की मी कापायची. परत यायचा. परत कापायची. मग खेकसायची, बाबा, वर्गात आहे ना मी! तिकडून शांतपणे, "तं मंग जेवली नसशीन." आणि मला आणखी राग यायचा.

आता कोणी विचारत नाही. जेवले की नाही ते माझं मलाही सांगता येणार नाही बऱ्याच दिवशी.

१६ फेब्रुवारी, रविवार

अकोल्याला जायचं होतं. गेले नाही. क्लासचे पेपर तपासायचे आहेत असं कळवलं. तपासले मात्र नाहीत. तिथं जाऊन पुन्हा त्यांच्यापुढं अनोळखी म्हणून उभं राहायचं, ते होत नाही माझ्यानं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात मजा झाली. महिन्यात पहिल्यांदा हसले असेन.

चिन्हांचे वर्ग शिकवत होते. पोरांना इंग्रजीतली उदाहरणं देऊन कंटाळा येतो, म्हणून म्हटलं आज मराठी घेऊ. पडद्यावर एकेक चिन्ह टाकत होते. 'अ' अक्षर आहे का? हो. '5' आकडा आहे का? हो. मग मराठी '५' टाकला आणि iswdigit ला विचारलं. उत्तर शून्य. म्हणजे नाही.

वाटलं टायपिंगची चूक. परत टाकला. नाही. मागून करिश्मा म्हणाली, "मॅडम, त्याले अक्षर हाये का म्हणून विचारा ना." विचारलं. उत्तर — हो. अक्षर आहे! वर्ग फुटला हसून. "म्हणजे आपले आकडे आकडे नाहीत काय मॅडम?" मी सांगितलं, सी च्या लेखी आकडे दहाच, इंग्रजीतले शून्य ते नऊ. बाकी जगातले कुठलेही आकडे ते फंक्शन मोजत नाही. नियमच तसा आहे, पुस्तकात लिहिलंय. तुमची मशीन त्यांना अक्षरांत बसवते, दुसरी एखादी कुठंच बसवणार नाही.

करिश्मा म्हणाली, "मंग आमच्या आजीनं मराठीत लिवलेला नंबर कुटीच चालायचा नाही." परत हशा. येताना पेरू घेतले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा गाळत होते. हातात गाळणी. आणि एकदम.

वरची ओळ.

चहा ओट्यावर सांडला, तो तसाच आहे अजून. अक्षरांची हद्द मी आखली, तिच्यात आकडे नव्हते. आकडे मी त्या फंक्शनवर सोडले. ते मराठी आकड्यांना नाही म्हणतं. म्हणजे बाबांनी वरच्या ओळीवर जे जे दाबलं ते सगळं माझ्या चाळणीनं गिळलं. बोट फटीत नव्हतं पडत. बरोबर बटणावर पडत होतं. रोज. आणि मी त्यांना ओरडले. मनगट धरलं. टेप मारली.

इंग्रजी आकडे राहू दिले असते तर पहिल्याच दिवशी टीव्हीवर उमटले असते. मीच मराठी केले. त्यांना आपलं वाटावं म्हणून.

काय लिहीत होते ते? ते मला काही सांगत होते आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, शाळेत नापास पोराला विचारावं तसं.

क्लासला आज सुट्टी कळवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मनोजला फोन. मी धडाधडा सगळं सांगत सुटले, फंक्शन, चाळणी, टेप. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुले सांगतलं नाही. बुधवारी बाबाले आणखी एक झटका आला. लहान होता. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, काल घरी आणलं. तू येत नव्हती, म्हटलं कायले जिवाले लावून घेते."

बुधवारी. मी वर्गात हसले त्याच्या आदल्या दिवशी.

पाटी कुठे आहे विचारलं. माळ्यावर. "दाबत नव्हते ते, ताई. आमी बी मंग ठेवून देली." दाबत का नव्हते ते मी त्याला सांगितलं नाही. दाबून काही होत नाही हे माणूस किती दिवसांत शिकतो? मी शिकवलं त्यांना ते.

प्रोग्राम दुरुस्त केला. एक ओळ. एक ओळ फक्त लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार. अकोला

सकाळच्या एसटीनं आले. बाबा वाळलेत. डावा हातही आता जड झालाय, उचलायला वेळ लागतो. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

मनोजनं माळ्यावरून पाटी काढून दिली. टेप सोलली. गोंद राहिला होता, शकुननं खोबरेल तेल लावून बटणं एकेक पुसली. "मी करते ना," म्हटलं तर म्हणाली, "राहू द्या ताई, तुमी तुमचं मशीन पाहा." लॅपटॉप मनोजच्या टीव्हीला जोडून नवीन प्रोग्राम चढवला. १ ते ९ आणि शून्य, सगळे मराठीत दाबून पाहिले. सगळे उमटतात.

बाबांपुढं ठेवली. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मनोज म्हणतो, "भाव सांगत असतीन. संत्र्याच्या कॅरेटचे. जन्मभर दुसरं काय केलं त्याईनं?" असेल. बगीच्याबद्दल काही असेल. एखादी तारीख असेल. आता काहीही चालेल मला. त्यांनी मला ओळखलं नाही तरी चालेल, पण जे सांगायचं होतं ते एकदा दिसू दे.

दुपारभर बसले. संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्यासमोर स्वतः वरच्या ओळीवरचा '१' दाबला. टीव्हीवर मोठा १ आला. बाबांची मान वळली. बराच वेळ त्या एकाकडे बघत राहिले. मी 'मी कोण' विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

मुक्काम इथंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार. अकोला

सकाळी त्यांनी स्वतःच हात पाटीवर नेला. वरच्या ओळीवर. एकेक आकडा, मध्ये दम घेत. ९ आला, ८ आला. चौथ्या-पाचव्या आकड्यालाच मला कळलं. मनोज फोन काढून टिपून घेत होता, त्याला मी नको म्हटलं. आठ आकडे आले आणि बोट थांबलं, पुढचे आठवेनात. माझ्याकडे पाहिलं. उरलेले दोन मी दाबले. माझाच नंबर आहे, मला नाही येणार तर कोणाला?

बाबांनी तो डावा हात कसाबसा कानाशी नेला आणि वाट पाहत राहिले.

"हो बाबा," मी म्हटलं. "जेवली."

"हां," म्हणाले, आणि हात खाली ठेवला.